तीन आकड्यांची जागा

क्लबातल्या कपाटांवर मी नावं रंगवतो.
हंगामाआधी, मार्चात, खोली रिकामी असते तेव्हा.
सोनेरी इनॅमल, खारीच्या केसांचा ब्रश
आणि गुडघ्याखाली जुना टॉवेल,
कारण खालच्या ओळीपर्यंत यायला माणसाला वाकावं लागतं.

जर्सीचा जो क्रमांक, तोच कपाटाचा.
दारावर ती जर्सी घातलेल्या सगळ्यांची नावं, एकाखाली एक,
नावापुढे सामने.
जो अजून खेळतोय, त्याच्यापुढे कोरं.

एकतीस नंबरच्या दारावर सातवं नाव वेदरल.
डेन वेदरल, मॅलीतला,
जिथे गव्हाच्या कोठारांखेरीज उंच काही नाही
आणि गुरुवारच्या सरावाला
मोटारींचे दिवे लावून मैदान उजळतात.
निवडीच्या रात्री त्याचं नाव पुकारलं साठाच्याही पुढे,
तोवर त्याची आई टीव्ही सोडून
मेंढ्यांना पाणी दाखवायला गेली होती.
अठरा वर्षांचा. मला म्हणाला, "शेवटी एल दोन आहेत हं."
मी एल दोन काढले
आणि पुढे जागा सोडली तीन आकड्यांची.
सगळ्यांनाच सोडतो. फुकटचा आशीर्वाद, द्यायला आपलं काय जातं.

बचावात, अगदी मागच्या कोपऱ्यात खेळायचा.
काम एवढंच,
की समोरच्याचं नाव लाउडस्पीकरवर येऊ नये.
दोन तास त्याच्या सावलीत सावली मिसळून पळायचं,
तो उडाला की मुठीने चेंडू बाजूला.
आणि चेंडू तरी कसला,
दोन्हीकडून निमुळता, आपटला की कुठे वळेल
ते त्याच्या बापालाही ठाऊक नाही.
नऊ वर्षांत गोल चार.
पाचवा खांबाला लागला.
चुकलं तरी एक गुण देणारा हा खेळ.
बाकी कुठेच अशी सोय का नाही, कोण जाणे.

त्याच्या पहिल्या सामन्याला बायकांनी आठवडाभर बसून
क्रेप कागदाचा पडदा चिकटवला होता, घराएवढा.
पोरं तो फाडूनच मैदानात शिरतात. क्षणात चिंध्या.
वेदरल सगळ्यांच्या शेवटी आला,
पडलेल्या भोकातून, अंग चोरून,
कागदाला हात न लावता.
ग्वेन प्रिडो अजून सांगते,
असा एकच पोरगा बघितला मी.

मग मांडीची शीर. मग पुन्हा तीच मांडी.
मग जिलाँगला एका ओल्या दुपारी
कुणी धक्का दिला नाही, कुणी जवळही नव्हतं,
नुसता वळला,
आणि गुडघ्यातून आवाज आला.
कुंपणाशी उभ्या असलेल्यांनी तो ऐकला.
वर्षभर पोहण्याच्या तलावात चालत राहिला.
परत आला. अकरा सामने खेळला.
मग एका सोमवारी प्रशिक्षकाच्या खोलीत सात मिनिटं.
बाहेर आला तेव्हा हातात पाण्याची बाटली होती
आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना.

मार्चात मी ब्रश घेऊन बसलो.
त्र्याऐंशी.
आमच्याकडचा आठ म्हणजे एकावर एक दोन गोल,
तीन म्हणजे तेच दोन, मिटायचे राहिलेले.
तिघांच्या जागेत दोघांना कसं बसवायचं?
डावीकडे सरकवलं तर उजवी बाजू बोडकी,
मधे ठेवलं तर दोन्हीकडे थोडी थोडी.
मधे ठेवलं.

आता गावी लोकर कातरणाऱ्यांची टोळी चालवतो.
शनिवारी बारा वर्षांखालच्या पोरांच्या सामन्यात
खांबांमागे उभा राहून पांढरी निशाणं हलवतो.
यंदा ती पोरं घेऊन क्लब दाखवायला आला,
लंगडत नाही, पण जिना बघून चढतो.
दारासमोर उभा राहिला. अंगठा फिरवला.
"आठाची कंबर वाकडी आहे, आल्डो."
आहे. म्हटलं, दुरुस्त करणार नाही.

खाली आठवं नाव अजून ओलं होतं,
येरेड तेस्फाय, त्यापुढे कोरं.
वेदरलचं बोट तिथवर आलं
आणि थांबलं, न टेकता.